दोराचा पुढचा हात

मळा, निपाणीजवळ
१२ मे १९८४

श्रीमती जयाबाई यांस,

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उठले. दारात सडा टाकला. म्हशीची धार काढली. शेवटी तिनं लाथ झाडली म्हणून तिला दोन शिव्या दिल्या. गोठ्यातलं शेण उकिरड्यावर नेऊन टाकलं, चुलीतली राख काढली, जोंधळ्याचं पीठ मळलं आणि पहिली भाकरी तव्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. मला बरं वाटलं. दुपारच्या एसटीनं परत बेळगावला दवाखान्यात जायचं होतं. ह्यांना आवडतो तसा पातळ झुणका नेऊ, डॉक्टर काही म्हणोत, असं मनाशी धरून मी कांदा चिरायला घेतला. झुणका बांधून दुपारी एसटीला निघणार, तेवढ्यात दवाखान्यात थांबलेला ह्यांचा चुलतभाऊ भरमा दारात आला आणि चप्पल न काढता नुसता उभा राहिला.

तुम्ही चमच्यानं ह्यांच्या तोंडात पाणी घातलंत तेव्हा मी काय करत होते, हे मी पुष्कळदा जुळवून बघते. धार काढत असेन, नाहीतर राख भरत असेन. ती भाकरी फुगली ती वेळ नसावी, एवढंच वाटतं.

दवाखान्यात सगळे दिवस मी खाटेशी बसून होते. एका रात्रीपुरती गावी आले, कारण ती म्हैस माझ्याशिवाय कुणाला धड धार काढू देईना, कास सुजली असा निरोप आला. तुम्ही म्हणालात, "जा यशोदा, मी आहे." खडेबाजारातल्या तुमच्या घरापासून दवाखाना जवळ, रोज पेज घेऊन तुम्हीच यायच्या. मी गेले. आणि तुम्ही होता.

आता तुमच्या कार्डाबद्दल. पुढच्या वेळी कार्डावर लिहू नका. आमचा पोस्टमन आधी स्वतः वाचतो, मग पारावर सांगतो आणि मग आमच्या दारात आणून टाकतो. तुम्ही येणार हे गावाला माझ्याआधी कळलं. शेजारच्या गंगव्वानं शेणाची पाटी खाली ठेवायच्या आत विचारलं, "यव्वा, जयाक्का येत्यात व्हय पेव उघडाय?"

तुम्ही लिहिता, "पेव उघडण्याआधी मला कळव. मी आल्याशिवाय यल्लाप्पाला आत उतरू देऊ नकोस." बस्स. माझ्या पोरानं उतरायचं की नाही तेही तुम्हीच ठरवणार, आणि दुखवट्याचा एक शब्द नाही. वखार आम्हाला विकून तेरा वर्षं झाली तरी हुकूम सुटला नाही.

मी बेळगुंदीची. आमच्याकडे पाऊस धो धो, भात कणगीत ठेवायचं. जमिनीला पोट पाडतात आणि त्यात जोंधळा साठवतात हे मी लग्न होऊन या बाजूला आल्यावर पाहिलं. वखारीत वर तंबाखूचे ढीग, आणि त्याच वखारीच्या जमिनीत पेव. तोंड एवढंसं, माणूस जेमतेम शिरेल. आत दोन पुरुष खोल आणि पोट घराच्या सोप्याएवढं. तोंडावर दगड, दगडावर चिखलाचं लिंपण. महिनोन् महिने कोंडलेली हवा आत बसून राहते आणि माणूस तिच्यात उतरला तर त्याला हाकसुद्धा मारू देत नाही. हे तुम्हाला कुणी सांगायला नको. तुमचे मालक रवळूअण्णा त्यातच गेले, आणि त्यांना काढायला म्हणून मागोमाग उतरलेले तुमचे दीर शामूही.

म्हणून दरवर्षी गौरीच्या आधी दगड काढला की पेव दिवसरात्र उघडं ठेवायचं, घोंगडं ओलं करून वारा घालायचा, आणि उतरायच्या दिवशी हे पहिल्या गाडीनं बेळगावला जाऊन तुम्हाला घेऊन यायचे. त्या दिवशी माझं काम एकच. कंदिलाची काच राखेनं घासायची. कंदील आत सोडला आणि ज्योत टिकली की हे कमरेला दोर बांधायचे. दोर ओढायला मागं भरमा आणि आमचा गडी सिद्राम. दोराचा पुढचा हात मात्र तुमचा. आतून हिसका आला की ओढायचं, आणि बराच वेळ काहीच आलं नाही तरी ओढायचं, हे तो पुढचा हात ठरवणार. तुम्ही डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि हे खाली जायचे. वर्षातून एकदा माझ्या नवऱ्याचा जीव तुमच्या मुठीत असायचा, आणि मी काच पुसलेलं फडकं घेऊन बाजूला.

एकदा मी म्हटलं होतं, दोर मी धरते की. हे म्हणाले, "तू काच पूस."

आजवर मी तुम्हाला जयाक्का म्हणत आले. वर जयाबाई लिहिलंय ते चुकून नाही.

यंदा दोर मी धरणार आहे. तुम्ही यायची तसदी घेऊ नये.

यशोदा


मळा
२४ जून १९८४

जयाबाई,

तुमचं बंद पाकीट मिळालं. पोस्टमनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

माझी तब्येत विचारलीत, ती ठीक आहे. यल्लाप्पाचं विचारलंत, तोही ठीक आहे. बापाचा सदरा घालून हिंडतो, खांद्यात आखूड होतो तरी घालतो. पण त्याखाली तुम्ही विचारता की पावसाआधी वखारीच्या मागल्या बाजूची कौलं सारखी केली का. वाचून मी पत्र खाली ठेवलं. कौलं कुणाची, जयाबाई?

तुमच्या मनात काही नसेल. पण तुम्ही इथं राहत नाही, तुम्हाला काय ऐकू यायचं? एकाहत्तर साली आम्ही वखार घेतली. दाराची चौकट बदलली, मधली भिंत फोडून सारखी केली, जर्दा चाळायला मागं पडवी काढली. तरी निपाणीहून तंबाखूचा ट्रक आला की ड्रायव्हर फाट्यावर विचारतो, जयाबाईची वखार कुठं? आणि गावातलं शेंबडं पोर हात करून दाखवतं. बहात्तरच्या दुष्काळात ह्यांनी पेव उघडून आळीत घरोघर जोंधळा दिला. म्हाताऱ्या बायका पदरात धान्य घेऊन काय म्हणाल्या ठाऊक आहे? "जयाबाईच्या पेवाला काय कमी न्हाय." जोंधळा आमच्या शेतातला. ह्यांनी रात्री जागून राखलेला. मी खुडलेला.

हे तर हसायचे. म्हणायचे, "तिच्या सासऱ्यानं दगड वाहून बांधलीया, नाव ऱ्हाऊ दे की." तुमच्या सासऱ्यांची गोष्ट ह्यांना पाठ होती. पाया खणताना खाली कोरडा मुरूम लागला म्हणून त्यांनी बैठकीची खोली सोडून तिथं पेवच खणलं, आत काटक्या पेटवून भिंती भाजून काढल्या, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मीच खणलं असं वाटावं. तुम्ही वखार एकटीनं कशी चालवली, तंबाखूची चिमूट तळहातावर चोळून नुसत्या वासावर माल कसा ओळखायच्या, व्यापाऱ्याला दारातून परत कसं पाठवलं. जेवताना, झोपताना जयाक्का. मी एकदा आमटीत मीठ जास्त टाकलं तेव्हा म्हणाले, जयाक्का आमटी चाखायच्याच नाहीत, वासावर सांगायच्या. मी ते ताट उचलून म्हशीपुढं ठेवलं. म्हशीनं खाल्लं.

मी शाळेत गेले नाही. यल्लाप्पा पहिलीत होता तेव्हा त्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर शिकले. मग पुडीचे कागद, मग पोथी, मग तो वाचनालयातून आणतो ती पुस्तकं. हे माझ्याकडे बघून म्हणायचे, ही वाचायला लागली की हिला हाक ऐकू येत न्हाय. तुमच्याबद्दल बोलताना आवाज जसा व्हायचा तसा तेव्हा व्हायचा नाही. मी कान देऊन ऐकलंय.

बाराव्याला तुम्ही आलात. घरात मी बसले होते, बायका बसल्या होत्या. तुम्ही घरात आला नाहीत, आधी वखारीत गेलात आणि पेवाच्या दगडाशी बसलात. माझ्यापाशी बसलेल्या बायका एकेक करून उठल्या आणि तुमच्याकडे गेल्या. मी भिंतीला टेकून रिकाम्या सतरंजीकडे बघत होते. म्हणून तिथं येऊन बोलले, की आता तुमचं इथं काही राहिलं नाही. तुम्ही न जेवता गाडी धरलीत. ते मी परत घेत नाही.

भरमा म्हणतो, शेवटी हे शुद्धीवर होते, तुमच्याशी काहीतरी बोलत होते. तो औषध आणायला खाली गेला होता. काय बोलले ते तुम्ही अजून मला सांगितलं नाही. ते तरी माझं आहे ना? की तेही वखारीबरोबर तुमच्याच नावावर?

पेवाचं मला शिकवू नका. गावात अजून बोलतात, दोघे भाऊ आत गेले आणि ही वर उभी राहिली. वर उभं राहायला तुम्हाला जमलं. मला तुमच्याकडून ते शिकायचं नाही.

यशोदा


मळा
५ ऑगस्ट १९८४

जयाबाई,

तुमचं उत्तर नाही. नसू दे.

कौलांचं तुम्ही विचारलं होतंत ते खरं निघालं. मागल्या बाजूची कौलं सरकली होती, पागोळी भिंतीत मुरली. भिंतीला हात लावला की गार लागतो. यल्लाप्पा म्हणतो, ओल पेवापर्यंत गेली तर सगळा जोंधळा कुजेल, यंदा गौरीपर्यंत थांबायचं नाही. त्याचं बरोबर आहे.

यंदा पीक कमी आलं, पेव निम्मंच भरलं. तरी ह्यांनी फाल्गुनात स्वतः आत उतरून धान्य सारखं केलं, वर काड पसरलं, पायानं दाबून घेतलं. मग वर आले, अंगभर कुसं, शिंका देत. दगड बसवला, मी चिखल कालवून दिला, ह्यांनी लिंपला. महिन्याभरात कावीळ झाली.

तेव्हा त्या काडावर ह्यांची पावलं आहेत. अंधारात, झाकलेली. घरात त्यांची चप्पल आहे, सदरा पोरगं घालतं, तंबाखूची चंची भरमाला दिली. पण पावलं तिथं आहेत. यल्लाप्पा उतरला की पहिल्यांदा तीच मोडणार. मला ते सांगता येत नाही त्याला, हसेल. मला फक्त त्या वेळी दोर धरून उभं राहायचं आहे. याहून जास्त काही मागत नाही, आणि तेही तुमच्याकडे मागत नाही.

श्रावण सरताना दगड काढू. तुम्हाला कळवलं. बोलावलेलं नाही.

यशोदा


मळा
१९ ऑगस्ट १९८४

जयाबाई,

गावातल्या कुणाकडून तरी तुमच्यापर्यंत उलटसुलट जाईल, म्हणून मीच लिहिते.

दगड काढला. लिंपण फोडताना कुदळीचा आवाज आला तसा वास आला, तो पेवाचा उबट वास. यल्लाप्पा तयार होऊनच आला होता. मी म्हटलं, आज नाही, उद्या. त्यानं मान हलवली, पण दुपारनंतर त्याला राहवेना. म्हणाला, "आई, कंदील सोडून तरी बघूया." मी काच घासलीच होती. सोडला. तोंडापासून हातभर खाली जाईपर्यंत ज्योत लांबली, मग बारीक झाली, मग नाहीशी. कुणी फुंकर घातली नाही, काही नाही. भरमानं कंदील वर ओढला आणि बायका देवाचं नाव घेतात तसं घेतलं. यल्लाप्पानं तोंडावर बाज आडवी टाकली आणि दारं उघडी ठेवली.

सकाळी बाज बाजूला केली, घोंगडं भिजवून वारा घालायला लागलो. वखारीत एक मांजरी आहे. उंदरांसाठी ह्यांनीच आणली होती, कुणाच्या मांडीवर बसायची नाही, ह्यांच्या बसायची. ती पेवाच्या काठावर येऊन वाकून बघत होती. सिद्रामनं घोंगडं झटकलं, ती दचकली आणि आत पडली.

एकदा ओरडली. परत ओरडली नाही.

तेव्हा माझा पाय घसरला. काठ लिंपणानं ओला होता. एवढंच झालं.

गंगव्वा गावभर वेगळं सांगते. ती म्हणते, मी पदर खोचला, काठावर बसले आणि दोन्ही पाय आत सोडले. तिनं माझा अंबाडा धरून मला मागं पाडलं. माझ्या मानेत अजून लचक आहे, तेव्हा अंबाडा धरला हे खरं असेल. मला आठवतं ते एवढंच, की आत ओरडणं बंद झालं आणि ते मला सहन झालं नाही. मांजर ह्यांचं होतं.

मी जमिनीवर बसून रडत होते, गंगव्वा माझ्या छातीवर जवळजवळ चढून बसली होती. धापा टाकत म्हणाली, "मांजरापाय जीव देतीस तू. खाली पोर असतं तर काय केलं असतंस गं?"

यल्लाप्पानं ऐकलं. तो उठून बाहेर गेला आणि बराच वेळ पडवीत जर्द्याच्या पोत्यांवर बसून राहिला. मग आत येऊन माझ्याकडे न बघता म्हणाला, "जयाक्कांना आणाय जातो."

मी म्हटलं, गेलास तर माघारी ह्या घरात यायचं नाही. तो गेला नाही. पेव उघडंच आहे. ओल वाढते आहे. आम्ही सगळे त्याच्याभोवतीनं चालतो.

तुम्ही हसाल. हसा. पण एक सांगा. शेवटी काय म्हणाले?

यशोदा


मळा
६ सप्टेंबर १९८४

जयाक्का,

यल्लाप्पा सुखरूप आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे ऐकाल. डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी अजून असेल, तेव्हा हे तुमची भाची वाचून दाखवत असेल. तिला म्हणावं, मध्ये थांबू नकोस, आणि अक्षराला हसू नकोस.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दारात तांदूळ निवडत होते. पोस्टमननं स्वतः हातात दिलं. मी तिथंच वाचलं, मग सूप खाली ठेवून परत वाचलं. त्यातलं थोडं इथं परत लिहिते, कारण ते माझ्या हातानं लिहून बघायचं आहे.

तुम्ही लिहिलंत: "ते शुद्धीवर होते. म्हणाले, 'जयाक्का, यल्लाप्पा उतरंल तवा दोर हिच्या हातात दिऊ नगा.' मी का म्हणून विचारलं. म्हणाले, 'पोरगं खाली पडलं तर ही दोर टाकून मागनं उडी घेती. माझ्याबी मागं घेतली असती. म्हणून तर तुम्हास्नी आणत हुतो.' एवढंच बोलले आणि पाणी मागितलं."

आणि पुढं तुम्ही तुमचं लिहिलंत, जे मी इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रवळूअण्णा पडले तेव्हा दोर कुणी बांधलाच नव्हता, पाहुणे यायचे होते आणि घाई होती. शामूभाऊजी धावले, तेही गेले. तिसऱ्या तुम्ही. तुमचा एक पाय आत होता. सासऱ्यांनी तुम्हाला केसाला धरून ओढलं आणि वखारीच्या मधल्या खांबाला सोलानं, जाड दोरखंडानं, बांधलं. लोक जमले तेव्हा तुम्ही खांबाशी उभ्या होता, आणि संध्याकाळी सोडलं तेव्हाही तिथंच उभ्या होता. गावानं पाहिलं ते एवढंच, की ही वर उभी आहे. सोल कुणाला दिसला नाही, की दिसून सांगावासा वाटला नाही. तुम्ही लिहिता, "वर राहणं मलाही येत नव्हतं, यशोदा. मला ते बांधून शिकवलं. त्यावरून गाव मला बोलत राहिलं, म्हणून वखार विकली. तुझ्या नवऱ्यानं पहिल्या वर्षी दारात येऊन म्हटलं, तुम्हास्नी वर ऱ्हायचं ठावं हाय, तेवढ्यापाय चला. मला तोपर्यंत ते कुणी कामाचं म्हटलं नव्हतं."

चोवीस जूनच्या पत्रात मी शेवटी जे लिहिलं ते वाचून तुम्ही दोन महिने गप्प होता. आता कळतं.

पण खरं ते लिहिते, तुमच्याशी खोटं लिहून काय करू? माझा हेवा गेला नाही. तुमचं पत्र वाचून मी आत जाऊन पडले आणि मला ह्यांचा राग आला. बायको आपल्यामागं मरेल हे माणसाला ठाऊक असतं, आणि ते तो दुसऱ्या बाईला जाऊन सांगतो. बायकोला सांगतो, काच पूस. तेरा वर्षं एका शब्दानं माझं पोट भरलं असतं. तो शब्द तुमच्याकडे होता. तुम्ही तो खाल्ला नाही, जपून ठेवलात, हे मानते. तरी होता तुमच्याकडेच. दुपारभर मला हेही वाटत राहिलं, की तुम्ही खांबाला बांधलेल्या होता आणि रवळूअण्णांना ते कधी कळलंच नाही. माझ्या माणसाला माझ्याबद्दल कळलं होतं. एवढ्या एका गोष्टीत मी तुमच्यापेक्षा वरचढ आहे. असं वाटून मला बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली, आणि तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

तुम्ही लिहिलंत की ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, प्रवास नाही, म्हणून पेव तसंच राहू दे. ते जमण्यासारखं नव्हतं. भिंतीची ओल जमिनीवर आली होती. संध्याकाळी भरमा, सिद्राम, गंगव्वा, यल्लाप्पा सगळे वखारीत जमले. मी पत्रातलं मोठ्यानं वाचलं. ह्यांचं बोलणं आलं तेव्हा मी पत्र यल्लाप्पाकडे दिलं, ते त्यानं वाचलं. वाचून झाल्यावर त्यानं पत्राची घडी नीट घातली, बापासारखी, चार वेळा नखानं दाबून.

मग तो म्हणाला, "आई, दोर गंगव्वाच्या हातात देऊ."

गंगव्वा लगेच म्हणाली, "दे की. मी काय उडी मारत न्हाय. माझी म्हस गाभण हाय, तिला कोन बघनार?"

सगळे हसले. मीही हसले, किती दिवसांनी. गंगव्वा हसता हसता माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "यव्वा, खरंच धरते. तू घरात जा. भाकऱ्या थाप. झालं की हाक मारते."

तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. ह्यांचं म्हणणंही तेच होतं. तुमचंही तेच. मी हो म्हटलं. रात्री भाकऱ्यांचं पीठसुद्धा दळून ठेवलं.

पण जयाक्का, ह्यांनी हे सगळं जाणून मला लांब ठेवलं, तुम्हाला जाणून जवळ बोलावलं, आणि आता मुलगाही मला भाकऱ्या थापायला पाठवणार. मी भाकऱ्या पुष्कळ थापल्या. ह्यांच्या शेवटच्या घटकेलाही कदाचित तेच करत होते. मला परत घरात राहून, भरमा दारात येऊन उभा राहतो का, याची वाट बघायची नव्हती.

ह्यांनी माझं ओळखलं ते बरोबर ओळखलं. मी उडी मारीन. आज मारीन, उद्या मारीन, माझ्यात ते बदलणार नाही. तुमच्यातही बदललेलं नव्हतं. तुम्हाला बांधलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंदील काडापर्यंत सोडला आणि ज्योत टिकल्यावर मी मधल्या खांबाशी जाऊन उभी राहिले, सिद्रामकडून सोलानं कमरेला बांधून घेतलं, गाठ माझ्या हाताला लागणार नाही अशी खांबामागं मारायला लावली, आणि मग यल्लाप्पाच्या दोराचा पुढचा हात मी धरला.

यशोदा